पाखराची सावली

एका राज्यात पद्मकेतू नावाचा राजा होता. कालाक्ष मांत्रिकाने त्याचा करकोचा केला आणि रानात सोडून दिला. कित्येक वर्षे गेली. मग राणी इरावतीने त्याच्यासाठी तीन कामे केली. धगधगत्या कुंडातला मणी नुसत्या हातांनी काढला, नागांच्या तळ्यातले पाणी आणले, उंच कड्यावरचे फळ तोडले. राजा पुन्हा माणूस झाला; पण सावली मात्र पाखराचीच राहिली. राजा सिंहासनावर बसे आणि मागच्या भिंतीवर ती पंख झाडी.

महालातली मैना म्हणाली, "राजा, पाखरू असताना तुझ्या मनात काय होते, ते एका तरी माणसाला कळू दे. नाहीतर उद्या सूर्य बुडताच ही सावली तुला घेऊन जाईल."

"महाराज, राणीसाहेबांसाठी किती झुरला असाल!" प्रधान म्हणाला.

राजाने मान खाली घातली. तो झुरला नव्हता. त्याला राणी आठवलीच नव्हती. स्वतःचे नावसुद्धा नाही. तो सुखात होता. पण ते सुख कसे होते, हे सांगायला माणसाचे शब्द पुरत नव्हते.

त्याने प्रधानाला सांगून पाहिले. प्रधानाने डोळे पुसले. भाटाला सांगून पाहिले. भाटाने विरहाचे गाणे रचले. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना तो गच्चीवर राणीपाशी गेला. तिचे भाजलेले तळवे त्याला बघवेनात.

"राणी, मी तिथे..." पुढे शब्द फुटेना.

"दुःखात होता?"

राजाने मानेनेच नाही म्हटले. शरमेने त्याचे कान तापले. आता ही उठून जाईल, असे त्याला वाटले.

इरावती उठली नाही. मग म्हणाली, "कड्यावर फळ हाताशी आले होते, महाराज. मी ते लगेच तोडले नाही. दिवसचे दिवस तिथेच बसून राहिले. वारा होता. हाक मारणारे कोणी नव्हते. मला तिथे..." तिलाही पुढे बोलवेना. तिची मान खाली गेली.

राजाने तिच्याकडे पाहिले. ती शरम त्याच्या अगदी ओळखीची होती. तो तिच्याशेजारी बसला. दोघेही काही बोलले नाहीत.

सूर्य टेकला. सावलीने पंख मिटले, चोच मिटली, आणि ती माणसाची झाली.

प्रधान धावत वर आला. "शाप सुटला! महाराज, काय सांगितलेत राणीसाहेबांना?"

"काही नाही," राजा म्हणाला, आणि ते खरेच होते.