कारणाचा रकाना

"मग कारणाच्या रकान्यात लिहायचं तरी काय, आपा?"

विचारत होता निरंजन परुळेकर. गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा, सुवर्णपदक मिळवलेला डॉक्टर, आणि ते पदक अजून डोक्यातून उतरलेलं नव्हतं.

आपा म्हणजे डॉक्टर हमीदा मुजावर, लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डच्या प्रमुख. पांढरी सुती साडी, पायांत रबरी चपला. शिपायापासून डीनपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणायचे.

काय दिवस होते ते. केसपेपर सुतळीने बांधलेले असायचे आणि आपांना प्रत्येक पोराचं घरचं लाडाचं नाव पाठ असायचं. परुळेकरांचे केस आता पिकलेत, पण त्या वॉर्डाचा विषय निघाला की हातातला चहा निवून जातो तरी त्यांना पत्ता नसतो.

त्याने वॉर्डात काय करून ठेवलं होतं, ते सिस्टरने आपांना सांगितलंच होतं.

निरंजन मोठ्यांच्या वॉर्डात चार वर्षं काढून आला होता. तिथे कारण शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तंबाखू किती वर्षं, विड्या दिवसाला किती, कामधंदा कसला... अर्ध्या तासात तो माणसाची चाळीस वर्षं बाहेर काढायचा.

आपांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की मुलांचा कॅन्सर म्हणजे मोठ्यांचाच कॅन्सर लहान मापात, असं समजू नकोस. तो वाढत्या अंगात उठतो, झपाट्याने पसरतो, पण औषधाला बहुधा मोठ्यांपेक्षा चांगली दादही देतो. आणि त्याच्यामागे कुणाची सवय, कुणाची चूक शोधायला गेलास तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. निरंजनने मान डोलावली. ऐकलं मात्र काही नव्हतं.

आदल्या दिवशी अक्कलकोटकडची चार वर्षांची अर्चना भरती झाली. रक्ताचा कॅन्सर. निरंजनने तिच्या आईला, सुगंधाला, तासभर समोर बसवून घेतलं. पोटुशी असताना काय खायचीस, शेतात फवारणी चालायची का, दातांना तंबाखूची मिश्री लावायचीस का. लावायचे, ती म्हणाली. पठ्ठ्याने लगेच लिहिलं, 'आई – मिश्री', आणि खाली रेघ ओढली.

झालं. तेव्हापासून सुगंधा पोरीला शिवेना. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहिली, पोटात अन्नाचा कण नाही. माझ्याच हातानं घात झाला, एवढंच घोकत होती. आणि पोर आईवाचून कुणाच्या हातून गोळी घेईना. दिलेली ओकून टाकायची. उपचाराचे सुरुवातीचे दिवस, त्यात दोन वेळच्या गोळ्या वाया गेलेल्या.

"चल," आपा म्हणाल्या.

त्याला त्यांनी अर्चनाच्या कॉटपाशी नेलं.

"मोठ्यांच्या वॉर्डात कुणाला विचारतोस?"

"पेशंटलाच."

"मग विचार की."

निरंजनला वाटलं, आपा चेष्टा करताहेत. चेहऱ्यावर तसं काही दिसेना. तो कॉटपाशी उकिडवा बसला.

"तंबाखू..."

आपांनी त्याला थांबू दिलं नाही.

"किती वर्षं, ते विचार. कामधंदा विचार."

"तू... काय करतेस गं?"

अर्चनाने त्याला नीट न्याहाळलं.

"बालवाडीत जाते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "दोनच दिवस गेले."

निरंजनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आपा तिथे थांबल्याच नाहीत, राऊंडला निघून गेल्या.

तो केसपेपर घेऊन व्हरांड्यात गेला आणि कडक इस्त्रीच्या पँटसकट सुगंधासमोर फरशीवर बसला. चूक माझी झाली, त्याने सांगितलं. मिश्री वाईटच, ती सोड, पण पोरीला हे मिश्रीनंच झालं म्हणायला मला काही आधार नव्हता. मला सवय पडलीय कारण लिहायची, म्हणून लिहिलं.

"कागदावर तर लिवलंय तुमी," सुगंधा म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. ओढलेली रेघ तेवढी तिने पाहिली होती.

त्याने खिशातलं पेन काढलं, तिच्यादेखत ते शब्द खोडले आणि वर नवे लिहिले. शाळेपासून कुठल्याही कागदावर हे दोन शब्द त्याने लिहिले नव्हते. बोट ठेवून त्याने ते वाचून दाखवले.

"माहीत नाही."

"म्हंजे... तुमालाबी ठावं न्हाई?"

"मला नाही. आपांनाही नाही."

सुगंधाने त्या खोडलेल्या शब्दांवरून बोट फिरवलं. मग उठली, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून गोळी कडू आहे म्हणून भांडण ऐकू आलं. निरंजनला ते ऐकून रडू फुटलं.

दुपारी तो आपांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"कारण म्हणून एवढंच लिहिलंय, आपा. केसपेपर अपुरा वाटतो."

आपांनी तो हातात घेतला, सुतळी सोडली आणि त्याच्यापुढे सरकवला.

"कोरे कागद घाल त्यात."

"किती?"

"पोरीला पुढची साठ वर्षं पुरतील एवढे."