चपळेचं डोक्यावरचं नाक

इंजिनं एकमेकींशी बोलायची त्या काळी, एका बर्फाळ मुलखात चपळा नावाची विजेवर धावणारी इंजिनबाई होती. पुरुषभर उंचीचे बर्फाचे ढीग ती लीलया उडवून द्यायची आणि वर म्हणायची, "बर्फानं माझ्या वाटेला जाऊन तर बघावं!"

एका हिवाळ्यात पिठीसाखरेसारखा भुरभुरीत बर्फ पडला. तो आडवा आला नाही. चपळेच्या कुशीला हवा आत घेणारी जाळी होती, तिच्यातून तो गुपचूप शिरला, मोटरींवर वितळला आणि बाई भर माळावर ठप्प! डब्यांतली माणसं कुडकुडत तिचा उद्धार करू लागली.

"आम्ही कुठं भांडलो?" बर्फाचे कण म्हणाले. "तू श्वास घेतलास, आम्ही आलो."

कारखान्यातल्या दगडूमिस्त्रींनी उपाय काढला. "जाळी पार छपराजवळ बसवू. ही भुरभुर खालीच उडत राहील."

"म्हणजे नाक डोक्यावर? मिस्त्री, लोक हसतील हो!"

"आणि आत्ता ओवाळतायत वाटतं?"

नाक डोक्यावर गेलं. शेडमधल्या पाच बहिणी महिनाभर खिदळल्या.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तसाच बर्फ पडला आणि पाचही जणी वाटेत बंद पडल्या. चपळेनं एकेकीला मागं जोडून ओढत आणलं. कारखान्याचं फाटक दिसलं, तशी तिच्या लगतची हळूच म्हणाली, "चपळे, ते वर बसवताना दुखतं का गं?"

मागच्या चौघींनी उत्तर ऐकायला चाकांचा खडखडाटसुद्धा थांबवला.