पाणी घातलेल्या खुंट्या

आगगाडी नवीन होती, तेव्हाची ही गोष्ट. चीनच्या पूर्वेला, समुद्राकडच्या मुलखात शीहो नावाचं गाव आहे. तिथे नदीकाठी फेंग आजीचा कोबी-लसणाचा मळा होता. नवरा गेल्यापासून ती एकटीच तो कसायची. तिने मातीत नुसतं बोट खुपसलं तरी कोंब यायचा, असं म्हणतात.

एकदा परदेशी कंपनीची माणसं आली. रेल्वेचा रस्ता आखायला त्यांनी नदीवरच्या वाळुंजाच्या झाडांच्या ओल्या फांद्या तोडल्या आणि त्यांच्या खुंट्या सरळ मळ्यांमधून ठोकल्या. बरोबरच्या दुभाष्याने भाव सांगितला, तो पडीक जमिनीचा.

“पडीक? अहो, दोन-दोन पिकं निघतात इथं!” गाव ओरडलं.

“पडीक म्हणजे पडीक. महिन्याभरात मोठे साहेब येतील, चांदी देतील. घ्या नाहीतर सोडा.”

पोरं पहारी घेऊन धावली. आजी आडवी आली. “उपटू नका रे. शेजारच्या गावानं उपटल्या, तर सैनिकांनी घरं जाळली.”

“मग काय करायचं, आजी?” पुतण्या छांग चिडून म्हणाला.

“पाणी घाला.”

सगळे हसले. आजीने कावड उचलली. रागाच्या भरात ती इतकी झपाझप चालली, की निम्मं पाणी तर वाटेतच सांडलं. तरी पहिल्या खुंटीला तिने पाणी घातलं, मग दुसरीला. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या कावडी बाहेर पडल्या.

आणि खुंट्या फुटल्या! आठवड्यात पालवी, पंधरवड्यात सावली. साहेब आला तेव्हा वाळुंजांच्या दाटीतून त्याचा घोडा पुढे जाईना, असं म्हणतात. त्याने उतरून मूठभर माती हातात घेतली, हुंगली.

“ही पडीक?” त्याने दुभाष्याला विचारलं.

साहेबाने बागायतीचा भाव दिला.

रेल्वे झालीच, मळे गेलेच. पण त्या चांदीत गावाने पलीकडच्या काठाला जमीन घेतली. आजीने जुनी माती टोपल्यांनी तिकडे वाहून नेली. तिथला पहिला कोबी तिने छांगच्या हातात ठेवला आणि म्हणाली, “बघ, वजन बघ!”

आजही शीहोत जमिनीचा सौदा असला, की घेणारा आधी तिथे एक बादली पाणी ओततो. माती ते पिऊन टाकेपर्यंत घेणारा आणि विकणारा शेजारी बसतात, चहा घेतात. तोवर भावाचा शब्द कुणी काढत नाही. त्याला म्हणतात फेंग आजीचं पाणी.