करवती काठाची पंधरावी चौकट

विणकरांच्या एका गावात एक नक्षीकार राहत होता. त्याचं नाव दिगंबर पडोळे. त्या गावच्या साडीच्या काठावर करवतीसारखे दात असत. पूर्वी ही नक्षी चौकटींच्या कागदावर हातानं काढत. दिगंबरनं त्यासाठी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला होता. साडीचं माप टाकलं की कागद छापून निघायचा. तो मागासमोर टांगून जिजाबाई नंदनवार साडी विणायची. सात वर्षं दोघांचं असं काम चाललं होतं.

मग एका महिन्यात दोन साड्या बिघडल्या. दोन्हींची नक्षी पदराच्या हातभर आधीच संपली.

"कागदातच खोट आहे, भाऊ," जिजाबाई म्हणाली. "मी कागद पाहूनच विणलं."

दिगंबरनं प्रोग्राम उघडून ओळ न ओळ वाचली. एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मग कागद चुकला कसा? त्याला आठवलं, तो जेवायला गेला की कागद जिजाबाईच छापून घेते. त्याला हेही आठवलं, की ती एकदा म्हणाली होती, "हातच्या कागदाची मजा याले नाही." त्याच्या मनात पाल चुकचुकली. ही प्रोग्राममधला आकडा बदलत असणार, कागद काढत असणार, आणि आकडा पुन्हा जागेवर ठेवत असणार.

त्यानं कॉम्प्युटरला पासवर्ड लावला. जिजाबाईनं त्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला संशय आला असता. विचारलं नाही म्हणून जास्तच आला.

जेवायला जाताना तो कीबोर्डवरून टसर रेशमाचा एक बारीक धागा बांधू लागला. परत येऊन पाहिलं तर धागा जसाच्या तसा. पण संशयी मनाला त्याचंही उत्तर सापडलं. विणकराची बोटं ती! गाठ सोडून पुन्हा तशीच मारायला तिला कितीसा वेळ लागणार?

शेवटी तो विणकर संस्थेच्या अध्यक्षांकडे, अडकूजींकडे गेला आणि त्यानं जिजाबाईचं नाव घेतलं.

अडकूजी म्हणाले, "उद्या दुपारी सभा आहे. सगळ्यांसमोर सांग. तिचा माग काढून दुसऱ्याले देऊन टाकू."

माग संस्थेचा होता. तो गेला की जिजाबाईला त्या गावात दुसरं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिजाबाई नवा कागद घेऊन आली. हा कागद दिगंबरनं स्वतः पासवर्ड टाकून छापला होता. तिला पाहताच त्यानं कीबोर्डवर हात आडवा धरला.

"आज काहून आल्या?"

"हा तुमच्या कुलपातला कागद," ती म्हणाली. "दात मोजा."

त्यानं पहिला दात मोजला. पंधरा चौकटी हव्या होत्या. चौदाच भरल्या. दुसरा मोजला. चौदा. तिसराही चौदा.

"चोर इतका नेमाचा नसते, भाऊ. कुठंतरी विसरते. हा एका दातालेही विसरला नाही." मग दाराकडे वळत ती म्हणाली, "माणसावर नजर ठेवून झाली. आता यंत्रालेच विचारा, आत मोजते कोण?"

ती गेली. दिगंबरनं हा प्रश्न यंत्राला कधी विचारलाच नव्हता. प्रोग्राम ज्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता, तिच्या कोणत्या आवृत्तीवर तो चालतो आहे, हे त्यानं टाइप करून विचारलं. उत्तर आलं. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेला प्रोग्राम जुनी आवृत्ती चालवत होती. पंधराचे दोन भाग करताना नवी आवृत्ती साडेसात अधिक साडेसात धरायची. जुनी मात्र अर्धा सोडून द्यायची आणि सात अधिक सात करायची. पंधरावी चौकट तिथंच गळत होती.

ती जुनी आवृत्ती पहिली साडी बिघडण्याच्या थोडं आधी त्यानंच टाकली होती. आधीच्या नक्षीकाराचे जुने नमुने तिच्याशिवाय उघडत नव्हते. टाकताना यंत्रानं विचारलं होतं, 'यापुढे आधी हीच आवृत्ती वापरायची का?' आणि त्यानं न वाचताच हो म्हटलं होतं.

नव्या आवृत्तीला पुन्हा पुढे आणणं दोन मिनिटांचं काम होतं. त्यानं ते केलं. कागद अचूक निघाला.

मग त्याच्या मनात आलं, गप्प बसलो तर? जिजाबाईचा माग जाईल. दुसऱ्याच्या हातची साडी नीट उतरेल. गाव म्हणेल, दिगंबरचं खरंच होतं. हे खोटं कोणालाही कधी सापडणार नाही.  पण हातातल्या त्या अचूक कागदाकडे त्याला बघवेना.

दुपारी सभेत अडकूजींनी विचारलं, "हं, सांग. कोणी केलं?"

"मी," दिगंबर म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. पासवर्ड सांगितला, धागाही सांगितला. मागून कोणीतरी ओरडलं, "आता स्वतःलेच कुलूप लाव, दिगंबर!" सगळे हसले. जिजाबाई हसली नाही.

"तो धागा मी रोज पाहत होते, भाऊ," ती म्हणाली. "गाठ ढिली होती. तरी हात नाही लावला."



जिजाबाईचा माग तिच्याकडेच राहिला. दिगंबर तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या माथ्यावर, तो कोणत्या आवृत्तीनं मोजला, ते छापू लागला. पण जिजाबाई आता कागद तसाच मागावर टांगत नाही. आधी त्याच्यासमोर एकेक दात मोठ्यानं मोजते.  शेवटच्या दाताचं 'पंधरा' ऐकू येईपर्यंत दिगंबर तिथंच उभा राहतो.

तात्पर्य: काही बिघडलं की दुसऱ्याच्या हातांकडे पाहण्याआधी आपल्या हातानं काय बदललं ते आठवावं, आणि कोणावर खोटा आळ घेतलाच असेल, तर तो चारचौघांसमोर मागे घ्यावा.