राणी इंदुलेखेची गादी

एका राज्यात शूरकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. रणात त्याच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे; पण राणी इंदुलेखेने नुसती मान वर केली, तरी त्याचा आवाज मऊ होई. कालजंघ राक्षसाला मारून त्याच्या खजिन्यातला सोन्याचा पलंग राजाने मोठ्या हौसेने राणीसाठी आणला. तो पलंग शापित होता. राणी त्यावर निजली, आणि सकाळी तिला उठता येईना. कंबरेतला एक मणका दगडाचा झाला होता.

राजाने पलंग दरीत लोटून दिला, पण दुखणे हटले नाही. वैद्यांचे लेप झाले, दासींचे शेक झाले, मांत्रिकांचे अंगारे झाले. दर अमावास्येला आणखी एक मणका दगडाचा होई. शेवटी महालातली म्हातारी साळुंकी बोलली. "डोंगरांपलीकडे निद्रावती चेटकिणीची गुहा आहे. तिथल्या एका गादीवर राणीचा शाप उतरेल. मात्र निवड चुकली, तर पुढचा मणका अमावास्येची वाट पाहणार नाही."

राजा तडक घोड्यावर बसला. गुहेत गाद्यांच्या राशी पार छताला भिडल्या होत्या. जी सर्वांत मऊ तीच सर्वांत सुखाची, असे मानून त्याने ढगांची गादी आणली. राणी तिच्यात अशी रुतली की कूस बदलायला आधारच मिळेना. सकाळी एक मणका गेला.

राजा पुन्हा निघाला. मऊ बाधते, तर कठीण मानवेल, असे म्हणून त्याने कासवांच्या पाठींची गादी आणली. तिच्यावर राणीच्या खांद्याला नि खुब्याला रग लागली, आणि कंबर मात्र अधांतरीच राहिली. आणखी एक मणका गेला. राणीने त्याला बोल लावला नाही. तुम्ही दमला असाल, जरा विसावा घ्या, एवढेच म्हणाली.

तिसऱ्या वेळी गुहेत शिरल्यावर राजाचा हात गादीकडे जाईना. निद्रावतीने त्याला तीन प्रश्न विचारले. राणी कोणत्या कुशीवर निजते? कळ कुठून उठते? रात्री जाग आली, की ती काय करते?

शत्रूच्या किल्ल्यांच्या चोरवाटा राजाला पाठ होत्या. राणीला मात्र त्याने यातले काही कधी विचारले नव्हते. खाली मान घालून तो रिकाम्या हातांनी परतला, राणीच्या पायांशी बसला आणि तेच प्रश्न तिला विचारले.

राणीने सांगितले, की ती डाव्या कुशीवर निजते. उजव्या अंगाला वळू गेले की कळ उठते नि मांडीपर्यंत उतरते. आणि जाग आली, की ती पडून राहते.

"मला का उठवले नाहीस?"

"तुमची झोप मोडली असती."

राजाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने पालखी मागवली आणि भोयांना हिसका बसू न देता चालायला सांगून स्वतः शेजारून पायी निघाला.

गुहेत राणीने घाई केली नाही. प्रत्येक गादीवर ती आपल्या डाव्या कुशीवर स्वस्थ पडून पाही. कुठे नको म्हणे, कुठे नुसती मान हलवी. एका राशीच्या तळाशी घट्ट पिंजलेल्या कापसाची एक गादी होती, वर हंसपिसांचा पातळसा थर. राणी तिच्यावर आडवी झाली. राजाने तिच्या कंबरेखाली हात घालून पाहिला. कंबर रुतली नव्हती, अधांतरीही नव्हती.

"हीच," राणी म्हणाली.

तोच एकेक दगडी मणका कडकडून फुटला, आणि आतून जिवंत हाड निघाले. तिकडे दरीत सोन्याच्या पलंगाची माती झाली.

राणी तिथेच झोपी गेली. रात्र सरली, ऊन गुहेच्या तोंडाशी आले. दरबार खोळंबल्याचा निरोप घेऊन प्रधानाचा स्वार आला. राजाने हळू आवाजात त्याला सांगितले, की आज दरबार भरणार नाही. आणि घोडा जरा दूर नेऊन बांध.

दुपार कलल्यावर राणी जागी झाली. विनासायास उजव्या कुशीवर वळली, तर समोर राजा बसलेला.

"किती वेळ झाला! मला उठवायचे नाही का?"

"झोप," राजा म्हणाला. "मी आहे इथे."