कुंदाची लाल गाडी

डोंगराच्या पायथ्याशी सुतारांचे एक गाव होते. तिथे लाकडाला तोटा नव्हता, त्यामुळे पोरांना खेळण्यांचाही नव्हता. दिवाळी सरली की दर वर्षी गावात पोरांच्या लाकडी मोटारींची शर्यत होई. देवळाच्या ओट्याला एक लांब फळी उतरती लावायची, तिच्यावरून पाळीपाळीने एकेक गाडी सोडायची आणि जी गाडी अंगणात सगळ्यांत लांब जाईल ती जिंकली. गाडी मात्र पोराने स्वतःच्या हातांनी केलेली हवी.

या शर्यतीचा सगळा बेत गावचा कारभारी ठरवी. नारळ कधी फोडायचा, कोणाची पाळी कधी, बक्षीस कोणाच्या हातून द्यायचे, सगळे त्याच्याच डोक्यात. माणूस भला होता. पण मोठ्या माणसाला नाही म्हणणे त्याला कधी जमले नव्हते.

त्याच गावात खेळणी करणारे एक आजोबा होते. जन्मभर त्यांनी जत्रेसाठी लाकडी बैल, बाहुल्या आणि भोवरे केले. आता त्यांचे डोळे चालले होते. लख्ख उन्हात थोडेफार दिसे, पण सूर्य डोंगराआड गेला की सगळा अंधार. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकले होते, "काय बघायचं ते या वर्षात बघून घ्या."

आजोबांना काशी-रामेश्वर बघायचे नव्हते. त्यांची नात कुंदा हिने पहिल्यांदाच एक गाडी केली होती. लाकूड तिनेच तासले, चाके तिनेच बसवली, लाल रंगही तिनेच दिला. आजोबा नुसते शेजारी बसून सांगत राहिले. गाडी पुरी झाल्यावर त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हाताला बरी लागतीय. पण चाकाचं खरं हातात कळत नाही, बाळ. ते पळताना बघावं लागतं. डोलतंय का सरळ जातंय, ते डोळ्यालाच दिसतं."

म्हणून कुंदा कारभाऱ्याकडे गेली. "काका, आमची पाळी उजेडात ठेवाल का? सांज झाली की आजोबांना दिसत नाही. पुढच्या वर्षी तर उन्हातही दिसणार नाही म्हणे."

कारभाऱ्याला गलबलून आले. तो म्हणाला, "एवढंच ना? दुपारी नारळ फुटला की पहिली पाळी तुझी. जा, सांग आजोबांना."

आजोबांनी ते ऐकले आणि पेटीतला ठेवणीतला फेटा काढायला सांगितला.

पण गावात मानकरी कमी नव्हते. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांच्यातले एक वजनदार गृहस्थ कारभाऱ्याकडे आले. "यंदा आमचा सत्कार शर्यतीच्या आधी उरकून घ्या. एकदा पोरांच्या गाड्या पळाल्या, की लोक घरी जातात. मग शाल-नारळ काय रिकाम्या अंगणात घ्यायचे?"

कारभाऱ्याने मान हलवली. थोड्या वेळाने दुसरे आले. पहिल्याचा सत्कार होणार आणि आपला नाही, हे त्यांना कसे चालेल? मग तिसरे आले. त्यांना सत्कार नको होता, दोन शब्द फक्त बोलायचे होते. कारभारी सगळ्यांना हो म्हणाला. कुंदाला दिलेला शब्द तो विसरला नव्हता. पण त्याने मनाशी म्हटले, मोठी माणसे रुसली तर वर्षभर रुसतील. पोरे काय, थांबतात.

शर्यतीच्या दिवशी ऊन टळटळीत असतानाच कुंदा आजोबांना हाताला धरून घेऊन आली. फळी जिथून दिसेल अशा जागी, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तिने त्यांना बसवले. फेटा बांधलेले आजोबा फळीकडे तोंड करून ताठ बसले.

सत्कार सुरू झाले. एकाला शाल दिली, तर तो बोलायला उभा राहिला. ज्यांना दोनच शब्द बोलायचे होते, त्यांनी आपल्या पणजोबांपासून सुरुवात केली. मग सूत्रसंचालकाने सगळ्यांचे आभार मानले आणि सूत्रसंचालकाचे आभार मानायला आणखी एकजण उठला. पोरे गाड्या मांडीवर घेऊन बसली होती. लहानग्यांना पेंग येऊ लागली.

कुंदा दोनदा कारभाऱ्याजवळ जाऊन आली. "काका, ऊन उतरतंय."

"झालंच गं. नारळ फुटला की तूच," कारभारी म्हणाला. पण त्याने तिच्याकडे बघायचे टाळले.

नारळ फुटला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. कुंदाने गाडी फळीवर ठेवली, तोच ते वजनदार गृहस्थ म्हणाले, "पहिली गाडी मानाची. आमच्या नातवाची सुटू द्या." मग दुसऱ्या मानकऱ्यांच्या पोराने का मागे राहावे? कारभारी बाजूला सरला. कुंदाने आपली गाडी उचलून पोटाशी धरली.

तिची पाळी आली तेव्हा देवळातला दिवा लागला होता.

तिने गाडी सोडली. लाल गाडी फळीवरून उतरली आणि सगळ्यांच्या गाड्या मागे टाकून पार अंगणाच्या टोकाला गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी मान वळवली, पण भलत्याच बाजूला.

"आली का गं?" त्यांनी विचारले.

"आली, आजोबा." कुंदा धावत त्यांच्यापाशी पोचली होती.

"डोलली का?"

कुंदाला रडू फुटले. "मी गाडीकडं बघितलंच नाही, आजोबा. मी तुमच्या डोळ्यांकडं बघत होते."

आजोबांनी तिला जवळ घेतले. बक्षिसासाठी तिचे नाव पुकारले गेले, पण ती उठली नाही. कारभारी तिला बोलवायला मघाशीच पाठीशी येऊन उभा राहिला होता. त्याने हे सगळे ऐकले आणि तसाच मागे फिरला.

पुढच्या वर्षी मानकरी पुन्हा आले. या वेळी कारभाऱ्याने त्यांना सरळ नाही म्हटले. शर्यत सकाळी ठेवली, सत्कार नंतर, थांबतील त्यांच्यासाठी. दोघे-तिघे रुसले आणि चार दिवसांत बोलायलाही लागले. गेल्या वर्षी नाही म्हटले असते, तरी एवढेच झाले असते.

सकाळी कारभारी स्वतः आजोबांना आणायला गेला. आजोबांचे डोळे आता पुरते विझले होते. कुंदाने त्या वर्षी गाडी केली नव्हती. ती आजोबांचा हात धरून उभी राहिली.

कारभाऱ्याने त्यांना सगळ्यांत पुढे बसवले आणि खाली मान घालून म्हणाला, "आजोबा, यंदा पोरांना आधी ठेवलंय. ऊन लख्ख पडलंय."

"असेल," आजोबा म्हणाले. "अंगाला लागतंय."

कारभारी तिथेच घुटमळला.

"माझ्यापाशी कशाला थांबलास?" आजोबा म्हणाले. "जा, पोरांना सोड. त्यांचं कुणी बघायला आलं असेल."

लहानांना सांगावे आणि मोठ्यांनी ध्यानात ठेवावे असे तात्पर्य: मोठ्यांचा मान उद्याही करता येतो, पण लहानाला दिलेला शब्द वेळ टळल्यावर पाळला, तर तो पाळल्यासारखा होत नाही.