शाहिराचा घसा, बगळ्याचा प्रसाद

“माझ्यासारखा गळा पंचक्रोशीत दुसरा हाय का, बाबा? तीन माळ पल्याडचा गुराखी माझी तान ऐकून...”

गुराखी पुढं काय करतो ते गुराख्यालाच ठाऊक. कारण एवढं बोलून शाहीर केरबा शेलबाळे असा खर्रर्रदिशी खाकरला, की फकिराच्या राहत्या तक्यासमोरच्या चिंचेवरचे बगळे झाडून सगळे उडाले.

“ऐकून काय करतो?” मदारशा फकिराने विचारलं.

केरबाने तोंड उघडलं. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरावी तसा आवाज आला.

“... तेच तर घेऊन आलोय तुमच्याकडं.”

केरबा तुरेवाला. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगायचं, तर शाहिरांचे दोन पंथ, तुरेवाले आणि कलगीवाले. जत्रेत समोरासमोर बसायचं. एकाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच उकलायचं. हरला की डफावरचं निशाण सोडून जिंकणाऱ्याच्या हातात द्यायचं.

केरबाच्या डफावरचा तुरा त्याच्या बापाने बांधलेला. तीस वर्षांत सुटला नव्हता. जत्रा शनिवारी होती, आणि आज मंगळवार.

केरबाने चिंचेमागे पाहिलं. तक्याच्या भिंतीमागे पाहिलं. फकिराच्या शेळीकडेही जरा रोखून पाहिलं. मग कुजबुजला, “मला शेंदूर चारलाय.”

गाणाऱ्याचा आवाज घालवायचा तर विड्यातून शेंदूर चारतात, हे आपल्याकडं शाळेत न गेलेल्यालाही पाठ असतं. गेलेल्याला तर जास्तच.

“कुणी?”

“गेल्या जत्रंत हिंदुराव कलगीवाल्यानं विडा दिला. मी खाल्ला.”

“लगेच बसला आवाज?”

“न्हाई. चार महिन्यांनी.”

“दमाचा दिसतोय शेंदूर...”

बाबाची मिशी हलली. हसली की वाऱ्याने हलली? केरबाने वाऱ्याची खात्री करायला चिंचेकडं पाहिलं. पान हलत नव्हतं.

“त्या दिवसापासनं परक्या हातचं पाणी वर्ज्य,” तो म्हणाला. खांद्यावरचा फिरकीचा तांब्या त्याने पुढं केला. झाकण घट्ट आवळलेलं, वर फडकं, फडक्याला सात गाठी. “घरनं भरून आणतो.”

“म्हणजे ह्यातलं पितोस.”

“सकाळी कारभारणीनं भरला. तवा मी तोंड धूत हुतो. पाठ हुती माझी.” केरबा थांबला. “तिचं माहेर कलगीवाल्यांचं.”

“मग पीत न्हाईस.”

“... तसा न्हाई पीत. सांजच्याला आडावरनं स्वतः शेंदून आणतो, तेवढंच.”

“आणि दिवसभर हे ओझं?”

“जवळ असावं.”

केरबा दोनदा खाकरला. शेळी उठून लांब जाऊन बसली.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं. घशात बॅटरी मारली आन म्हणला, खाकरू नका, पाणी पीत ऱ्हावा.”

“मग?”

“त्यो बी हिंदुरावाच्याच गावचा.”

“दिवसातनं किती येळा खाकरतोस?”

“मोजतंय कोण? कफ चिकटून बसलाय, बाबा. ओरबाडून काढल्याबिगर ऱ्हातोय व्हय? काढला की घटकाभर बरं वाटतं. मग दुप्पट येतोय.”

भिंतीला टेकवलेला डफ उन्हात होता. मघाशी उडालेल्या बगळ्यांपैकी एकाने जाता जाता त्यावर प्रसाद टाकला होता. बोलण्याच्या नादात तो वाळून पांढरा खडक झाला होता.

बाबाने डफ मांडीवर ओढला. शेजारी पडलेला फुटक्या कौलाचा तुकडा उचलला, आणि धार कातड्याला लावली.

केरबाने झेप घातली. “काय करताय बाबा...”

“डाग काढतोय. चिकटून बसलाय. ओरबाडून काढल्याबिगर ऱ्हातोय व्हय?”

“कातडं हाय ते. एक चरा पडला की संपलं. पुन्हा त्यातनं नाद निघत न्हाई.”

“मग कसा काढायचा?”

“ओला फडका टेकवायचा वर. गप बसायचं. मऊ झाला की बोटानं सरकतोय. माझा बा म्हणायचा, डफाला जो नख लावील त्याला...”

“त्याला काय?”

केरबाचा हात गळ्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

“... त्याला जेवाय वाढू नगा.”

“फडका भिजव,” बाबा म्हणाला.

“कशात?”

बाबाने नुसतं तांब्याकडं पाहिलं.

सात गाठी सोडायला वेळ लागला. बांधणाराच संशयी, त्यामुळे गाठीही तशाच. शेवटी फडकं भिजलं, डागावर बसलं. तेवढ्यात बाबाने तांब्या उचलला आणि न विचारता दोन घोट घेतले.

केरबा बघत राहिला. डोळे फिरतात का. फेस येतो का.

बाबाने जांभई दिली. पाठ खाजवली.

बराच वेळ गेला तरी बाबा मेला नाही.

“आता तू,” त्याने तांब्या पुढं केला. “गटागटा नको, घोट घोट.”

केरबाने डोळे मिटून घोट घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला घशात नेहमीची खाज उठली, छाती फुगली, मान पुढं आली...

बाबाने कौलाचा तुकडा डफावर धरला.

केरबाने खाकरा गिळला. डोळ्यांत पाणी आलं. वर एक घोट घेतला.

पुन्हा खाज. पुन्हा कौल. पुन्हा गिळला.

“आता तोंड मिटून गुणगुण. पाळण्यातल्या लेकराला निजवतात तेवढंच.”

आधी बाटलीत कोंडलेल्या माशीसारखं आलं. घोट. गुणगुण. मग आत काहीतरी हललं, सरकलं. त्याने गिळलं. पुढचा सूर निघाला तो बारीकच होता, गुराख्यापर्यंत काय, शेळीपर्यंतही पोचला नसता. पण खरखर नव्हती. केरबाचाच सूर होता.

केरबाने ओठ मिटलेलेच ठेवले. उघडले तर पळून जाईल अशी भीती.

बाबाने फडकं उचललं आणि डागावर बोट फिरवलं. डाग सरकला. खाली कातडं जसंच्या तसं, एक चरा नाही.

“शनिवारपातुर हेच. सकाळ-संध्याकाळ तोंडावर फडकं घेऊन नुसत्या पाण्याची वाफ घे, लई जवळनं नको, भाजशील. ओरडू नको. कुजबुजू बी नको, मघापासनं कुजबुजतोयस, त्यानंबी गळा ताणतो. आणि तरी आवाज न्हाई सुटला, तर त्याच डॉक्टरकडं परत जा. गाव कुठलं का असंना.”

केरबाने डफ काखेत घेतला. तुरा बोटांनी सरळ केला. तांब्याला फडकं बांधायला घेतलं. एक गाठ मारली, दुसरी मारली, तिसरीला हात अडखळला. दोनवरच भागवलं.

वाटेला लागला. दहा पावलं गेला. परत आला.

“समदं पटलं, बाबा,” चिंचेमागे एकदा पाहून तो म्हणाला. “पण शेंदूर चारला कुणी, त्याचं नाव तेवढं सांगा. शनिवारी भर फडात उभा करतो त्याला.”

बाबा शेळीचं दावं सोडत होता. त्याने मान वर केली नाही.

“ज्यानं तुझा आवाज घालवला, त्यो लई दिसांनी पोटभर पाणी प्यालाय बिचारा. आज बसू दे की त्याला.”